मोठ्या चुंबकांच्या चुका सुधारणारे छोटे चुंबक

दोन वर्षांपूर्वी आमच्या भाईजानची कंबर धरली होती. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितले, म्हणून आम्ही दोघे नांदेडला गेलो. आत नेण्यापूर्वी तिथल्या मुलाने भाईजानचे घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, खिशातली नाणी असे सगळे काढून घेतले. मी दारापर्यंत सोडायला निघालो, तर मलाही अडवले. मी म्हणालो, ‘‘अरे बाबा, मशीन तर अजून सुरू केलेली नाही.’’ तो हसून म्हणाला, ‘‘काका, चुंबक कधीच बंद नसतो. रात्री कुलूप लावून आम्ही घरी जातो, लाइट जाते, तरी तो चालूच असतो.’’

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध वाचकाचाच. पण विजेचा अनुभव तर प्रत्येकाला असतो. आपल्या भागात वीज म्हणजे येणारी-जाणारी पाहुणी. ती गेली की पंखा थांबतो, पिठाची गिरणी थांबते, विहिरीवरची मोटार थांबते. आणि हा चुंबक विजेचाच, पण बाहेरची वीज गेली तरी त्याचे चुंबकत्व जात नाही! हे कसे काय? मी चौकशी करू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता नांदेडहून जिनिव्हाला जाऊन पोहोचलो आणि तिथून चक्क आपल्या इंदूरला परत आलो. तोच प्रवास आज आपल्याला सांगतो.

तार तापते, हीच अडचण

परभणीत मोटारी भरून देणारी दुकाने किती आहेत, ते शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, व्होल्टेज कमी होते आणि मोटारी जळतात. वसमत रस्त्यावरच्या अशाच एका दुकानात मी अधूनमधून बसतो. तिथला तरुण कारागीर जळालेली तार उपसून काढतो, नवी तांब्याची तार मोजून वेटोळी करतो, खाचांत बसवतो, वार्निश देतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक तयार होतो, एवढे शाळेत आपण सर्वांनी पाहिले आहे. खिळ्यावर तार गुंडाळून सेलला जोडली की टाचण्या चिकटतात. मोटारही त्याच तत्त्वावर फिरते.

आता कोणी म्हणेल, चुंबक जास्त ताकदीचा हवा असेल तर वीज जास्त सोडा. पण तिथेच अडते. तांबे विजेला वाट देते, तशी थोडी अडवतेही. त्या अडवण्यातून उष्णता निर्माण होते. वीज दुप्पट केली तर उष्णता चौपट होते. मोटार जळते ती अशी. वेटोळ्याच्या मध्ये लोखंड घातले तर चुंबकाची ताकद वाढते, पण लोखंडालाही मर्यादा आहे. चुंबकाची तीव्रता मोजण्याचे एकक आहे टेस्ला. सुमारे 2 टेस्लाच्या आसपास लोखंड ‘भरते’. पुढे त्याची फारशी मदत होत नाही.

ही अडचण ओलांडण्याची वाट 1911 साली हॉलंडमधल्या लायडन शहरात सापडली. कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये हेलियम वायूचे द्रव करून दाखवले होते. त्या द्रवाने पारा थंड करत नेला, तेव्हा उणे 269 अंश सेल्सिअसजवळ पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. कमी झाला असे नव्हे, मोजताच येईना. या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. अशा तारेच्या बंद वेटोळ्यात वीज एकदा सोडली की ती फिरत राहते. अडवणारे कोणी नाही, म्हणून तापणेही नाही. नांदेडचा चुंबक रात्रभर का चालू असतो, त्याचे उत्तर हे आहे. वीज लागते ती त्याला थंड ठेवण्यासाठी.

ओनेसला लगेच वाटले की आता हवा तेवढा मोठा चुंबक करता येईल. त्याने प्रयत्न केला आणि तो फसला. चुंबकाची तीव्रता थोडी वाढली की त्याच तीव्रतेने धातूची अतिसंवाहकता मोडून पडे. म्हणजे चुंबकच स्वतःचा घात करी. यावर उपाय ठरणारे धातू सापडायला पन्नास वर्षे गेली. 1960 नंतरच्या दशकात नायोबियम आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू हाताशी आला. तो तीव्र चुंबकत्वातही टिकतो आणि त्याची तार ओढता येते. आजचे बहुतेक एमआरआय याच धातूच्या तारेवर चालतात.

सत्तावीस किलोमीटरचे वळण

आता जिनिव्हाकडे वळू. तिथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर सर्न ही संस्था आहे. तिने जमिनीखाली एक गोल बोगदा केला आहे. त्याचा घेर 27 किलोमीटर. परभणीहून रेल्वेने पूर्णा जेवढे लांब, जवळपास तेवढे. या बोगद्यातल्या यंत्राचे नाव लार्ज हॅड्रॉन कोलायडर, थोडक्यात एलएचसी. त्यात प्रोटॉन नावाचे कण दोन उलट दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात. एका सेकंदात ते सुमारे 11 हजार फेऱ्या मारतात. मग त्यांची टक्कर घडवून पदार्थाच्या मुळाशी काय आहे ते पाहतात. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली, ती याच यंत्राच्या जोरावर. त्यातल्या ‘बोसॉन’ शब्दात आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आहे.

कण सरळ जाऊ पाहतात. त्यांना वळवायचे काम चुंबक करतात. गाडी जितकी वेगात, तितके वळण मोठे हवे किंवा स्टिअरिंगला जोर जास्त हवा, तसेच हे आहे. एलएचसीमध्ये वळवणारे मुख्य चुंबक 1,232 आहेत. प्रत्येक सुमारे 15 मीटर लांब आणि तीस टनांहून अधिक वजनाचा. त्यांची तीव्रता 8.33 टेस्लापर्यंत नेता येईल अशी रचना केलेली आहे. आपल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ती सुमारे दोन लाख पट होते. हेच काम लोखंड-तांब्याच्या साध्या चुंबकांनी करायचे ठरवले असते, तर बोगद्याचा घेर 120 किलोमीटरच्या आसपास गेला असता. म्हणजे परभणीहून नांदेडला जाऊन परत येण्याएवढा. आणि वीज चाळीस पट लागली असती, असा सर्नचा हिशोब आहे.

असा चुंबक कसा घडवायचा? ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती मोटार भरण्याच्या कामाच्या इतकी जवळ आहे आणि तरी इतकी दूर आहे.

पहिली गोष्ट तार. नायोबियम-टायटॅनियमचे तंतू इतके बारीक ओढतात, की त्यांची जाडी माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाएवढी भरते. असे हजारो तंतू तांब्यात बसवून साधारण एक मिलिमीटर जाडीची एक तार होते. अशा 28 किंवा 36 तारा पिळून एक चपटी केबल होते. पाच अश्वशक्तीची आपली थ्री फेज मोटार सात-आठ अँपिअर घेते. ही बोटाएवढ्या रुंदीची केबल जवळजवळ 12 हजार अँपिअर वाहते आणि तापत नाही.

दुसरी गोष्ट थंडी. या चुंबकांना द्रव हेलियममध्ये उणे 271 अंशांवर ठेवतात. अवकाशातल्या निर्वात पोकळीपेक्षाही हे तापमान कमी आहे. या तापमानाला हेलियम ‘अतिप्रवाही’ होतो. तो उष्णता इतक्या चटकन वाहून नेतो, की कोणताही धातू त्याच्यापुढे फिका पडावा. हेलियमची आपल्याकडची एक आठवणही सांगून ठेवतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून आंध्राच्या किनाऱ्याकडे गेली. त्या ग्रहणात गुंटूरला झालेल्या निरीक्षणांतून आणि पुढे दोन महिन्यांनी इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी केलेल्या निरीक्षणांतून सूर्यप्रकाशातल्या एका अनोळखी पिवळ्या रेषेचा शोध लागला. तिला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हटले गेले. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत आणि तिथे 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

तिसरी गोष्ट जोर. वीज वाहणाऱ्या तारेला चुंबकत्व ढकलते. त्यावरच तर मोटार फिरते. इथे वेटोळी फिरायची नाहीत, जागेवरच राहायची आहेत. पण त्यांना बाहेर फाकवणारा जोर चुंबकाच्या दर मीटर लांबीला सुमारे 400 टनांएवढा असतो. एका मीटरवर पन्नासेक भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा भार म्हणा. म्हणून वेटोळ्यांभोवती पोलादाच्या भक्कम कड्या दाबून बसवतात.

हे मी दुकानातल्या त्या तरुणाला सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘चाचा, तार हलली की मोटार गेली समजा. वार्निश कशाला देतो आम्ही?’’ नेमके हेच. एलएचसीच्या चुंबकात तार केसाच्या अंशाएवढी जरी सरकली, तरी घर्षणाने कणभर उष्णता होते. इतक्या थंडीत पदार्थ तापायला फारच थोडी उष्णता पुरते. दीड-दोन अंशांची वाढ झाली तरी त्या जागी अतिसंवाहकता संपते. तार पुन्हा साध्या तारेसारखी अडवू लागते, तापते, शेजारचा भागही तापवते. याला ‘क्वेंच’ म्हणतात.

क्वेंच होणारच, हे धरूनच हा चुंबक आखलेला असतो. एका मुख्य चुंबकात साठलेली ऊर्जा आपल्या मीटरच्या भाषेत जेमतेम 2 युनिट भरते. ऐकायला किरकोळ. पण ती एका बोटभर जागेत क्षणात बाहेर पडली तर केबल वितळते. म्हणून दोन गोष्टी करतात. तंतूंभोवतीचे तांबे अशा वेळी विजेला पर्यायी वाट देते. आणि क्वेंचची चाहूल लागताच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, चुंबकाला मुद्दाम बसवलेल्या तापकांनी सगळीकडून गरम करतात. एका ठिकाणी जळण्यापेक्षा सगळीकडे थोडे थोडे तापलेले बरे, हा त्यामागचा विचार. या तापकांना वीज देणारी हजारो उपकरणे भारतात तयार झाली.

नवा चुंबक पहिल्याच वेळी पूर्ण तीव्रता गाठत नाही, हेही वाचून मला गंमत वाटली. तो एकदा क्वेंच होतो. त्यात तारा थोड्या सरकून आपली जागा धरतात. पुढच्या खेपेला तो अधिक वर जातो. याला तिथले लोक चुंबकाचे ‘प्रशिक्षण’ म्हणतात.

गुणातूनच निघालेली चूक

आता मुख्य मुद्दा. चुंबक ताकदवान झाला म्हणजे काम झाले, असे मला वाटत होते. तसे नाही. कणांना अकरा-अकरा हजार फेऱ्या दर सेकंदाला आणि अशा तासन्‌तास मारायच्या असतात. पाच-साडेपाच सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जायचे असते. चुंबकाच्या क्षेत्रात दहा हजारांत एक भाग इतकी जरी चूक राहिली, तरी ती प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा लागते आणि कण भरकटतात. लोखंडी चुंबकात क्षेत्राचा आकार लोखंडाच्या टोकांवर ठरतो. लोखंड नीट तासले की झाले. इथे तो तारांच्या जागेवर ठरतो. प्रत्येक तार मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत अचूक बसवावी लागते.

आणि सगळे अचूक बसवले तरी एक चूक उरतेच. कण यंत्रात शिरतात तेव्हा चुंबकाची तीव्रता कमी असते, सुमारे अर्धा टेस्ला. नंतर कणांची ऊर्जा वाढवत नेताना तीव्रताही वीसेक मिनिटांत पंधरापट चढवतात. क्षेत्र बदलले की प्रत्येक तंतूत आपोआप विजेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात. तांब्यात ते लगेच विरले असते. पण ही तार अतिसंवाहक! तिच्यात वीज थांबतच नाही. ते भोवरे तसेच फिरत राहतात आणि मुख्य क्षेत्र किंचित बिघडवतात. ज्या गुणासाठी ही तार निवडली, तोच गुण इथे आडवा येतो. तंतू केसाहून बारीक ओढतात ते मुख्यतः हे भोवरे लहान राहावेत म्हणून. तरी थोडा दोष राहतोच.

मग करायचे काय? मुख्य चुंबक पुन्हा पुन्हा सुधारत बसण्यापेक्षा त्याच्या टोकाशी एक छोटा चुंबक बसवायचा. मोठ्याची जी चूक, तिच्या बरोबर उलट क्षेत्र याने द्यायचे. वजाबाकी होऊन शून्य उरते. मुख्य चुंबकाला दोन ध्रुव असतात. सुधारक चुंबकाला सहा, आठ किंवा दहा. जसा दोषाचा आकार, तशी ध्रुवांची संख्या. उर्दू शायरीत शागिर्द आपली गझल उस्तादाकडे नेतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो आणि शेर वजनात बसतो. त्याला इस्लाह म्हणतात. सुधारक चुंबकाचे काम वाचताना मला पहिल्यांदा तोच शब्द आठवला. फरक एवढाच, की इथे थोरल्याची इस्लाह धाकटा करतो.

इंदूरचा वाटा

हे धाकटे चुंबक आले कुठून? निम्म्याच्या जवळपास भारतातून. सर्न आणि आपला अणुऊर्जा विभाग यांच्यात 1996 मध्ये एलएचसीसाठी करार झाला. नुसते पैसे देण्याऐवजी भारताने वस्तू आणि काम द्यायचे, असे ठरले. जबाबदारी प्रामुख्याने आली इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे. 1984 मध्ये पायाभरणी झालेल्या या केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर. 2005 मध्ये या केंद्राला डॉ. राजा रामण्णांचे नाव देण्यात आले. इंदूर हे होळकरांचे शहर. तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या चुंबकांवरच्या शोधनिबंधांत पुणतांबेकर, करमरकर अशी आडनावे दिसतात, तेव्हा आपल्याच गल्लीतले कोणी भेटल्यासारखे वाटते.

इंदूरला आधी नमुने तयार झाले, तपासले गेले आणि मग भारतीय कारखान्यांतून एकूण सुमारे 1,800 अतिसंवाहक सुधारक चुंबक तयार होऊन गेले. एकेक चुंबक इतका लहान, की एक माणूस सहज उचलेल. पण त्याला मोठ्या भावाच्या सगळ्या अटी लागू. तीच थंडी, तोच जोर, तीच क्वेंचची भीती. सहा वेटोळी असतील तर सहाही एकसारखी हवीत. एकात फरक पडला की सुधारणाराच चूक करू लागणार. आणि मालही दहा-वीस नग नव्हे, शेकड्यांनी हवा. पहिला नग आणि हजारावा नग यांत फरक चालणार नाही.

वेटोळी जागची हलू नयेत म्हणून इथे एक छान युक्ती आहे. भोवती अॅल्युमिनियमचे कडे गरम करून चढवतात. निवले की ते आवळते. पुढे उणे 271 अंशांपर्यंत थंड होताना अॅल्युमिनियम आतल्या पोलादापेक्षा जास्त आकसते, म्हणजे पकड आणखी घट्ट होते. आपल्याकडच्या वयस्क श्रोत्यांना हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटेल. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव बसवतो ती अशीच. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, लाकडी चाकावर ठोकून बसवायची आणि पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन धाव चाकाला असे आवळते, की वर्षानुवर्षे सुटत नाही. सर्नच्या बोगद्यात तीच अक्कल वापरली आहे, फक्त मापे काटेकोर.

भारताने दिलेली दुसरी वस्तू त्याहून साधी दिसते. जॅक. तीस-बत्तीस टनांचा चुंबक ज्यावर टेकवायचा ते पाय. प्रत्येक चुंबकाला तीन. तीनच का, ते चुलीला विचारा. तीन दगडांवर भांडे कधी डुगडुगत नाही. चार असतील तर एक अधांतरी राहतो. असे सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. त्यांच्यावर एवढे अवजड धूड माणूस केसाच्या जाडीइतके वर-खाली, आजूबाजूला सरकवू शकतो. आज तो सगळा गोल भारतीय पायांवर उभा आहे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती नाही.

शिवाय माणसेही गेली. बोगद्यात उतरवण्यापूर्वी प्रत्येक चुंबक थंड करून तपासायचा होता. अणुऊर्जा विभागाचे शंभराच्या आसपास अभियंते आणि तंत्रज्ञ आळीपाळीने जिनिव्हाला जाऊन राहिले आणि दिवसरात्र पाळ्यांमध्ये त्यांनी हे काम केले. भारत 2002 मध्ये सर्नचा निरीक्षक देश झाला आणि 2017 मध्ये सहयोगी सदस्य. त्या सदस्यत्वामागे या पाळ्यांचाही वाटा आहे.

एका जोडाची गोष्ट

10 सप्टेंबर 2008 रोजी यंत्र सुरू झाले. जगभर बातम्या झळकल्या. आपल्याकडे तर ‘पृथ्वी गिळली जाणार’ अशा आवया उठल्या होत्या आणि काही घरांत मुले घाबरून गेली होती. पृथ्वीला काही झाले नाही. नऊ दिवसांनी, 19 सप्टेंबरला, यंत्रालाच झाले.

कारण काय असावे? दोन चुंबकांमधला केबलचा एक जोड. तो नीट झाळलेला नव्हता. जेवढा विरोध चालला असता, त्याच्या शेकडो पट विरोध त्या एका जोडात होता. वीज वाढवत नेताना तो तापला, ठिणगीची कमान पडली, हेलियमच्या वेष्टणाला भोक पडले आणि द्रव हेलियमचा एकदम वायू होऊन सुमारे 6 टन हेलियम बाहेर पडला. त्या दाबाने अवजड चुंबक पायांवरून हलले. बोगद्यात कोणी नव्हते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. पण 53 चुंबक वर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. पुढे 2013-14 मध्ये दहा हजारांवर जोड तपासून पक्के केले गेले, त्यानंतरच यंत्र जास्त ऊर्जेवर चालू लागले.

हे मी दुकानात सांगितले, तेव्हा तो तरुण हातातले काम थांबवून म्हणाला, ‘‘म्हणजे लूज कनेक्शन!’’ मीटरच्या पेटीत, स्टार्टरमध्ये, विहिरीवरच्या डब्यात रोज जे त्याच्या नजरेला पडते, तेच. जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्राचा आजार त्याला एका शब्दात कळला. मला मात्र तीन लेख वाचावे लागले होते.

आपल्याला काय त्याचे?

हा प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्यात पाऊस आणि कापसाचा भाव यांवर घर चालते, तिथे प्रोटॉनची टक्कर कोणाच्या कामाची? माझे उत्तर दोन गोष्टींत आहे.

पहिली नांदेडची. 1983 मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ फर्मीलॅबमध्ये अतिसंवाहक चुंबकांचा पहिला मोठा कणवेगवर्धक सुरू झाला. त्याला एवढी तार लागली, की ती तार मोठ्या प्रमाणावर चांगली कशी ओढायची, हे कारखाने शिकले. त्याच सुमारास एमआरआय दवाखान्यांत येत होता. त्या शिकण्याचा फायदा त्याला झाला. भाईजानच्या मणक्यातली दबलेली शीर कापाकापी न करता दिसली, त्यात कणांमागे धावणाऱ्या लोकांचा हात आहे. हेलियम महाग असल्यामुळे ही तपासणीही महाग पडते, हे खरे. म्हणूनच कमी हेलियमवर चालणारे चुंबक आखणे हे आज चालू असलेले महत्त्वाचे काम आहे. त्यातही मुंबईपासून दिल्लीपर्यंत आपल्या संस्था गुंतलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. औंढा नागनाथ 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, आता ते हिंगोलीत आहे. तिथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या असतील. चुंबक वेगळे, तंत्र वेगळे, पण जात तीच. मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा मोठा वाटावा अशी. अशा ठिकाणी फक्त डॉक्टरेट झालेली माणसे लागत नाहीत. झाळकाम करणारे, तारा जोडणारे, पंप सांभाळणारे, बारीक मापे घेणारे लागतात. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली मुले लागतात. इंदूरच्या कामात जशी ती लागली.

माझी काळजी एवढीच आहे, की ही वेधशाळा उभी राहील तेव्हा आपली मुले तिच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभी असतील की आत जोड तपासत असतील? पुण्या-मुंबईची मुले येतील, येऊ द्या. पण वसमत रस्त्यावरच्या त्या पोराच्या बोटांत जे आहे, ते पुस्तकातून मिळत नाही. त्याला कोणीतरी वेळेवर हे सांगायला हवे, की तू करतोस त्या कामाचे थोरले भाऊबंद जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर पसरले आहेत आणि त्यातले अठराशे चुंबक इथूनच गेले आहेत. शाळेतल्या गुरुजींनी सांगावे, आयटीआयच्या निदेशकांनी सांगावे. हे रेडिओवरून सांगण्याचे कारणही तेच. त्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो.

परवा गेलो तेव्हा तो एक वेटोळे हातात धरून उजेडात फिरवून पाहत होता. एक फेरा सैल निघाला. त्याने सगळे उकलले आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतले. गिऱ्हाईक समोर बसून घाई करत होते. तो म्हणाला, ‘‘मामा, आत्ता घाई केली तर पेरणीत परत याल.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)